सिस्टरच्या पगारातला फेब्रुवारी

ठाण्यात कापूरबावडीहून कोलशेतकडे वळलेल्या रस्त्यावरचे जुने पत्ते वाचले तर ‘सँडोझ बाग, ठाणे ४००६०७’ हे शब्द अजून भेटतात. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या या गावाशेजारी रंग आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी सँडोझ कंपनीच्या नावाने टपाल कार्यालय झाले, याच रस्त्यावर बायरचाही कारखाना चालला. आता सँडोझची वारस असलेल्या क्लॅरिअंटच्या जमिनीवर उंच निवासी इमारती आहेत आणि सकाळी सहाच्या सुमारास त्या रस्त्यावर मॉर्निंग ड्यूटीला निघालेल्या परिचारिका दिसतात. कोणी रिक्षाने घोडबंदर रस्त्यावरच्या खासगी रुग्णालयात, कोणी कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, तर कोणी गाडी पकडून परळला जाते.

कारखानदारीच्या काळात परिचारिकेला नोकरीची एक वाट कायद्यानेच आखून दिली होती. १९४८च्या कारखाने अधिनियमातील ४५व्या कलमानुसार पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णोपचार कक्ष असावा लागे आणि त्यात डॉक्टरसोबत परिचारिकाही नेमावी लागे. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत त्याची सुरुवात झाली, १९५४मध्ये तो मुंबईत पोहोचला आणि पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामगारांसाठी विमा रुग्णालय उभे राहिले. त्याआधीपासून ठाण्यात विठ्ठल सायन्नांच्या नावाचे सिव्हिल हॉस्पिटल होते आणि १९०१पासूनचे मनोरुग्णालय होते. कल्याणला रेल्वेचे रुग्णालय होते, अंबरनाथला शस्त्रास्त्र कारखान्याचे. म्हणजे एका जिल्ह्यात परिचारिकेला पगार देणारे मालक किती: राज्य सरकार, केंद्र सरकार, रेल्वे, नगरपालिका, कारखानदार आणि नंतर खासगी रुग्णालयांचे संचालक. वॉर्डातले काम सगळीकडे जवळपास तेच. इंजेक्शन तेच, सलाइन तेच, रात्रपाळीही तीच. हातात पडणारा पैसा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. या फरकात आयकराचा वाटा किती होता आणि आहे, हे पाहायचे तर मागे जावे लागते.

भारतात आयकर १८६०मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायची होती, म्हणून वर्षाला २०० रुपये मिळवणाऱ्यालाही त्यांनी करात ओढले. तो कायदा पाच वर्षांत संपला. १८८६च्या कायद्याने कर कायमचा झाला आणि ५०० रुपयांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न मोकळे राहिले. त्याच १८८६मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा रुग्णालय सुरू झाले, एडिथ पेची तिथल्या प्रमुख होत्या. पुण्यात १९०९मध्ये रमाबाई रानड्यांचे सेवासदन उभे राहिले आणि त्याच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाच्या अंगाला हात कसा लावील, असे विचारणाऱ्या समाजात या मुलींनी पगाराची नोकरी धरली. त्यांच्या धाडसाचे मोल आजही पुरेसे सांगितले जात नाही.

त्यांच्यापर्यंत आयकर पोहोचणे शक्यच नव्हते. करमुक्त मर्यादा १९०३मध्ये १,००० रुपये झाली, १९१९मध्ये २,००० झाली. महिन्याला १६६ रुपयांहून जास्त मिळाले तरच आयकर खात्याशी संबंध यायचा आणि सामान्य हिंदी परिचारिकेचा रोख पगार त्याच्या पुष्कळ खाली होता. मोबदल्याचा मोठा भाग वस्तूंच्या रूपाने मिळायचा. रुग्णालयाच्या आवारात राहायची खोली, मेसचे जेवण, गणवेश आणि तो धुऊन देण्याची सोय. मेट्रनच्या शिस्तीत राहायचे, ठरल्या वेळी फाटकाच्या आत यायचे आणि महिन्याच्या शेवटी थोडे रुपये घरी पाठवायचे. १९४६च्या आरोग्यविषयक भोर समितीने मोजले तेव्हा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेल्या परिचारिका साधारण सात हजार होत्या आणि त्यांच्या राहण्या-खाण्याच्या व पगाराच्या स्थितीवर समितीने कठोर शब्दांत लिहिले.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था हळूहळू पालटली आणि परिचारिकेच्या करकथेचा गाभा याच बदलात आहे. लग्न झालेल्या परिचारिका वाढल्या, त्या क्वार्टरमधून बाहेर पडल्या, डोंबिवलीत आणि कळव्यात भाड्याच्या खोल्या घेऊ लागल्या. खोलीच्या जागी घरभाडे भत्ता आला, गणवेशाच्या कापडाच्या जागी गणवेश भत्ता, धोब्याच्या जागी धुलाई भत्ता. आवारात मिळणारी सोय पगारपत्रकात रुपयांनी दिसू लागली. आयकर मोजताना हिशेबनिसाला रुपये दिसतात. पूर्वी जे सिस्टरच्या ताटात आणि अंगावर होते, ते आता ‘एकूण वेतन’ या रकान्यात जमा झाले.

तरीही पुढची काही दशके कर तिच्यापासून लांबच राहिला. यात तीन मराठी अर्थमंत्र्यांचा हात आहे, म्हणून ते नोंदवले पाहिजे. रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांनी १९५३च्या अर्थसंकल्पात करमुक्त मर्यादा ३,६०० वरून ४,२०० रुपये केली, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. नंतर १९५७मध्ये ती ३,००० पर्यंत खाली आली. १९७४मध्ये यशवंतराव चव्हाणांनी ती ५,००० वरून ६,००० केली आणि पगारदारांसाठी एक नवी गोष्ट आणली, प्रमाणित वजावट. पगाराच्या पहिल्या दहा हजारांवर वीस टक्के, त्यापुढच्या रकमेवर दहा टक्के, कमाल साडेतीन हजार. नोकरीला जायचे तर खर्च होतोच, त्याच्या पावत्या मागू नयेत, असा त्यामागचा समंजस विचार. त्या वेळी केंद्राच्या तिसऱ्या वेतन आयोगाने स्टाफ नर्सला ४२५-६४० ही श्रेणी दिली होती. मूळ पगार वर्षाला ५,१०० रुपये. महागाई भत्ता धरूनही वर्षाला साडेसात हजार मिळवणाऱ्या सिस्टरचा कर शून्य येत होता: दीड हजार प्रमाणित वजावट, सहा हजार मोकळे. तिसरे मधू दंडवते. १९९०मध्ये त्यांनी मर्यादा १८,००० वरून २२,००० वर नेली आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा, बचतपत्रे यांवर ८८व्या कलमाखाली थेट करातून सूट देण्याची पद्धत घातली. चौथ्या वेतन आयोगाच्या १४००-२६०० या केंद्रीय श्रेणीत नव्याने लागलेली परिचारिका या सवलतींत सहज सुटत होती.

केंद्राने १९७४मध्ये प्रमाणित वजावट दिली आणि वर्षभरातच महाराष्ट्राने पगारपत्रकात एक नवी ओळ वाढवली. १ एप्रिल १९७५पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. पगारपत्रकावरची ‘पीटी’ ती हीच. तिची जन्मकथा ठाण्याच्या कारखान्यांपासून दूर, दुष्काळी माळावर घडली. १९७२च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यांवर उतरली होती. मागेल त्याला काम देण्याची वि. स. पागे यांची कल्पना त्या काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा रोजगार हमी कायदा झाला. त्यासाठी पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने दरमहा थोडा हिस्सा द्यावा, त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, असा हा करार होता. अनेक परिचारिका त्याच दुष्काळी तालुक्यांतून शिकायला मुंबई-ठाण्यात आल्या होत्या. ज्या गावातून त्या निघाल्या, तिथल्या बांधबंदिस्तीची मजुरी त्यांच्या पगारातून जात होती. आपल्या पगारातली कपात कुठे जाते हे इतक्या स्पष्टपणे सांगता येणारा दुसरा कर महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. राज्याला याचा अभिमान असायला हवा आणि शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट असायला हवी.

राज्यघटनेच्या २७६व्या कलमात या कराला वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९८८मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि त्यानंतर बदललेली नाही. २,५०० ला बाराने नीट भाग जात नाही, म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी कपात ठरली. फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडते. वर्षभर कमी कापला गेलेला आयकर शेवटच्या दोन महिन्यांत वसूल करताना लेखाशाखा गुंतवणुकीचे पुरावे मागते, आणि ते दिले नसतील तर कपात एकदम मोठी होते. महिना अठ्ठावीस दिवसांचा, रात्रपाळ्या तेवढ्याच, आणि हातात सर्वांत कमी पगार. सरकारी रुग्णालयांत जानेवारीपासून विमा एजंटांची वर्दळ का वाढायची, याचे उत्तर यात आहे. कितीतरी सिस्टरांनी गरज न पाहता विम्याच्या पॉलिसी घेतल्या, कारण एकतीस मार्चच्या आत काहीतरी दाखवायचे होते.

आयकर खऱ्या अर्थाने वॉर्डात शिरला तो पाचव्या वेतन आयोगाबरोबर. १ जानेवारी १९९६पासूनची पगारवाढ महाराष्ट्रात १९९८च्या अखेरीस मान्य झाली. स्टाफ नर्सची श्रेणी ५०००-८००० झाली. मूळ पगारच वर्षाला साठ हजार, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. करमुक्त मर्यादा १९९८मध्ये होती ५०,००० रुपये. आतापर्यंत जी रेषा नेहमी मूळ पगाराच्या वर असायची, ती पहिल्यांदा नव्याने लागलेल्या मुलीच्या मूळ पगाराखाली आली. प्रमाणित वजावट आणि फंडावरची सूट धरली तर प्रत्यक्ष कर थोडकाच यायचा, पण आता हिशेब करावा लागू लागला, पॅन कार्ड काढावे लागले, फॉर्म १६ सांभाळावा लागला.

शिवाय आला ‘फरक’. वेतन आयोगाची थकबाकी हा शब्द सरकारी नोकराच्या घरात लग्नाइतकाच मोठा असतो. तीन-तीन वर्षांची वाढ एकदम मिळते, तिच्यावर कुणाचे घराचे बुकिंग होते, कुणाच्या मुलाची फी. पण सगळी रक्कम एका वर्षाचे उत्पन्न धरली तर वरच्या टप्प्याने कर लागतो, जरी ती कमाई आधीच्या वर्षांची असली. त्यासाठी १९६१च्या आयकर कायद्यात ८९वे कलम होते. थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांवर वाटून कर काढायचा आणि जास्तीचा भार कमी करून घ्यायचा. फॉर्म १०-ई भरला तरच हे होत असे, पुढे तो ऑनलाइन भरावा लागू लागला. सहाव्या आयोगाचे आदेश २००९मध्ये निघाले आणि सातव्याचा लाभ जानेवारी २०१९पासून मिळू लागला, दोन्ही वेळी थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. म्हणजे दरवर्षी थोडा फरक आणि दरवर्षी तोच किचकट फॉर्म. ज्या रुग्णालयात जाणता बिल क्लार्क होता तिथल्या सिस्टरांना सूट मिळाली. ज्यांना कुणी सांगितलेच नाही, त्यांनी जास्तीचा कर मुकाट भरला. कायद्यात असलेला हक्क माहितीअभावी बुडावा, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत टाळता येण्याजोगी हानी आहे.

याच सुमारास स्त्रियांसाठी स्वतंत्र सवलती आल्या आणि बहुसंख्य स्त्रियाच असलेल्या या पेशाला त्या थेट लागू झाल्या. २०००च्या वित्त कायद्याने ८८-सी हे कलम घातले आणि स्त्रीच्या करातून पाच हजार रुपये वजा होऊ लागले. २००५मध्ये ती पद्धत मोडून वेगळी करमुक्त मर्यादा आली: पुरुषांना एक लाख, स्त्रियांना १,३५,०००. त्याच वर्षी चव्हाणांनी आणलेली प्रमाणित वजावट काढून घेतली गेली. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. पुढे काही वर्षे स्त्रीची मर्यादा पुरुषापेक्षा तीस-पस्तीस हजारांनी जास्त राहिली, २००९मध्ये ती १,९०,००० होती तेव्हा पुरुषांची १,६०,००० होती. नंतर हे अंतर दहा हजारांवर आले आणि २०१२मध्ये दोघांनाही दोन लाखांची एकच मर्यादा झाली. स्त्री म्हणून मिळणारी आयकर सवलत तिथे संपली. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

सहाव्या आयोगानंतर राज्याच्या रुग्णालयात नव्याने लागलेल्या परिचारिकेचे उदाहरण घेऊ. वेतनबँडचे किमान ९,३०० आणि ग्रेड पे ४,२०० धरले तर मूळ पगार १३,५००. त्यावर २७ टक्के महागाई आणि ३० टक्के घरभाडे धरले तर महिन्याला २१,१९५ आणि वर्षाला सुमारे २,५४,०००. स्त्रीची मर्यादा १,९०,०००. वरचे चौसष्ट हजार फंड, विमा आणि घरभाड्याच्या वजावटीत सहज बसत. सुरुवातीच्या वर्षांत कर शून्य, दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या सिस्टरला मात्र द्यावा लागे.

घरभाड्याच्या बाबतीत ठाणेकरांची एक खास तक्रार आहे आणि ती खरी आहे. पगार ठरवताना ठाणे-कल्याण हे मुंबईच्या नागरी समूहात धरले जाते. आयकराच्या १९६२च्या नियमांत मात्र घरभाडे भत्त्याची वजावट मोजताना पगाराच्या ५० टक्क्यांची वरची सीमा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईतल्या घराला मिळाली, इतरत्र ४० टक्के. घर कुठे आहे ते महत्त्वाचे, नोकरी कुठे ते नाही. परळला ड्यूटी करून डोंबिवलीत राहणारी सिस्टर ४० टक्क्यांत मोजली जाते. सरकारी परिचारिकेचा भत्ता मुळातच मूळ पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत असल्याने तिला याचा फटका बसत नाही. खासगी रुग्णालयात जिथे पॅकेजमध्ये घरभाडे मूळ पगाराच्या निम्मे दाखवतात, तिथे फरक पडतो. मुलुंडचा टोलनाका ओलांडला की घरभाडे कमी होत नाही, हे नियम करणाऱ्यांच्या कधी लक्षात आले नाही.

२०२०पासून आयकराच्या दोन पद्धती झाल्या, जुनी आणि नवी. नव्या पद्धतीत दर कमी आणि वजावटी जवळजवळ सगळ्या गेल्या. घरभाड्याची गेली, फंड आणि विम्याची गेली, भरलेल्या व्यवसाय कराचीही गेली. आणि गणवेशाचीही. जुन्या नियमांत गणवेश घेण्यावर आणि तो नीट ठेवण्यावर प्रत्यक्ष खर्च झालेला भत्ता करमुक्त असतो. नव्या पद्धतीत ती सूट नाही. रक्ताचे आणि औषधांचे डाग काढून रोज इस्त्री केलेला गणवेश घालणे ही परिचारिकेच्या कामाची अट आहे, हौस नाही, म्हणून या सवलतीमागचा न्याय साधा होता. रक्कम लहान असल्याने तिच्यासाठी कुणी आवाज उठवला नाही.

बदल्यात मिळाले ते मात्र मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रमाणित वजावट २०१८मध्ये परत आली, ४०,००० रुपयांची, मग ५०,००० झाली आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीसाठी ७५,०००. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर उरला नाही, पगारदारासाठी हा आकडा पावणेतेरा लाख.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेची सातव्या आयोगातली श्रेणी एस-१३, मूळ पगार ३५,४०० पासून. ५५ टक्के महागाई भत्ता १९,४७० आणि ३० टक्के घरभाडे १०,६२० धरले तर महिन्याला ६५,४९० आणि वर्षाला ७,८५,८८०. पंचाहत्तर हजार वजा करून उरतात ७,१०,८८०. एवढ्यावर २०२४-२५च्या नव्या पद्धतीत, सात लाखांच्या थोडे वर असणाऱ्यांसाठीची सीमांत सवलत घेऊन, उपकरासह ११,३१५ रुपये कर येत होता. २०२५-२६मध्ये शून्य. आता कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातल्या परिचारिकेकडे वळू. केंद्राच्या सातव्या आयोगात तिचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो. त्याच दरांनी महागाई आणि घरभाडे, शिवाय ९,००० नर्सिंग भत्ता आणि २,२५० गणवेश भत्ता. वाहतूक भत्ता सोडला तरी महिन्याला ९४,३१५, वर्षाला ११,३१,७८०. २०२४-२५च्या दरांनी तिला जवळपास एकसष्ट हजार कर बसला असता. २०२५-२६मध्ये तिचाही शून्य.

ठाणे सिव्हिल आणि कल्याण रेल्वे यांच्यात लोकलने अर्धा तास आहे. एकच शिक्षण, एकाच परिषदेची नोंदणी आणि पगारात महिन्याला जवळपास एकोणतीस हजारांचा फरक. आयकर होता तेव्हा जास्त पगारावर जास्त कापून तो या फरकातला थोडा भाग कमी करत होता. तोही गेल्यावर दोन मालकांमधली दरी हातातल्या पगारात पूर्ण दिसते. राज्यातल्या परिचारिकांचे आंदोलन याच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा उभे राहते. २०२२मधल्या संपात बाह्यस्रोतातून भरती नको हे मुख्य मागणे होते, केंद्राप्रमाणे भत्ते हवेत हेही होते. जुलै २०२५मध्ये वेतनत्रुटींसाठी त्या पुन्हा आझाद मैदानावर बसल्या. त्यांची मागणी रास्त आहे.

सरकारी परिचारिकेच्या हातातला पगार कमी करणारी मोठी ओळ आता आयकराची नाही. १ नोव्हेंबर २००५नंतर नोकरीला लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, त्यांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम अंशदायी योजनेत कापली जाते. वरच्या उदाहरणातल्या अधिपरिचारिकेचे ते महिन्याला ५,४८७ रुपये होतात. व्यवसाय कर दोनशे. मार्च २०२३च्या संपात सरकारी परिचारिका जुन्या पेन्शनसाठी उतरल्या, त्याचे कारण हे आहे.

मग कोलशेतच्या रस्त्यावर सकाळी दिसणाऱ्या, वेतन आयोगाच्या बाहेर असलेल्या परिचारिकांचे काय? राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्सला महाराष्ट्रात एकत्रित २०,००० रुपये महिना, अशा जाहिराती वर्षानुवर्षे निघत आल्या आहेत. वर्षाला २,४०,०००. ही रक्कम आयकराच्या आताच्या कुठल्याच रेषेला पोहोचत नाही. पावणेतेरा लाखांची घोषणा झाली तेव्हा तिच्या हातात एक रुपयाही वाढला नाही. तिच्यासाठी खरी सवलत राज्याने दिली. एप्रिल २०२३पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर माफ झाला, त्याआधी ही मर्यादा दहा हजार होती. वर्षाचे अडीच हजार वाचले. तिच्याच शेजारी तेवढ्याच पगारावर उभ्या असलेल्या ब्रदरला मात्र अजून भरावे लागतात.

कंत्राटी परिचारिकेवर एक वेगळेच ओझे काही ठिकाणी पडते. तिला कर्मचारी न मानता व्यावसायिक मानले आणि मानधनावर दहा टक्के कर उगमातच कापला, तर वीस हजारांतले दोन हजार दर महिन्याला जातात. वर्षाचे चोवीस हजार. कर तर शून्य असतो, म्हणून विवरणपत्र भरले की पूर्ण रक्कम परत मिळते. पण विवरणपत्र आपल्यासारख्या कमी पगाराच्या माणसासाठी नसते, अशी समजूत फार पक्की आहे. ज्या मुलीचा असा कर कापला जातो तिने आपले २६-एएस, म्हणजे कापलेल्या कराचे विवरण, एकदा उघडून पाहावे, तिचेच पैसे तिथे नोंदलेले असतात.

खासगी रुग्णालयात पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के जातात, एकवीस हजारांच्या आत पगार असेल आणि रुग्णालयाला कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल तर विम्याचे पाऊण टक्का. हे पैसे शेवटी तिलाच उपयोगी पडतात. प्रश्न कपातीपेक्षा मूळ रकमेचा आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने स्पष्ट शिफारस केली: दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयाने फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयाने फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयांना ही मोजपट्टी लावली तर तिथल्या नव्या परिचारिकेच्या पगाराची तुलना ३५,४०० मूळ पगाराशी आणि त्यावरच्या भत्त्यांशी करावी लागेल.

केरळने २०१८मध्ये, तिथल्या परिचारिकांनी लाँग मार्चची हाक दिल्यावर, खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी किमान वीस हजारांचे वेतन अधिसूचनेने बांधून दिले. ठाणे-कल्याणच्या वॉर्डांत आज काम करणाऱ्या कितीतरी सिस्टर त्याच केरळच्या आहेत. महाराष्ट्राने रोजगार हमी देशाच्या आधी केली होती आणि तिच्यासाठी परिचारिकेच्या पगारातून दरमहा पैसे घेतले होते. त्याच राज्याने आता खासगी आणि कंत्राटी परिचारिकेच्या पगाराला खाटांच्या संख्येनुसार कायदेशीर किमान मर्यादा घालावी आणि वीस हजारांच्या मानधनाचा आकडा वाढवावा. ठाण्यातल्या आमदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा.